भूमिका बसवताना : प्रॉम्प्टरच्या खुर्चीवरून

नट अडतो तो लांबलचक स्वगतात नाही. स्वगत त्यानं घासूनपुसून पाठ केलेलं असतं. अडतो तो "हो, पण तसं नाही" असल्या चार शब्दांवर. विंगेत संहिता मांडीवर घेऊन बसणाऱ्याला हे फार लवकर कळतं. मी प्रॉम्प्टिंग करत आले, म्हणजे नट अडला की विंगेतून हळूच शब्द पुरवत आले; आता तालमीही घेते. नट जिथं अडखळेल तिथं माझ्या प्रतीच्या समासात पेन्सिलीनं बारीक फुली मारायची मला सवय आहे. पाठांतर कच्चं असलं तर फुल्या पानभर विखुरतात. पाठांतर पक्कं असूनही फुली रोज त्याच जागी पडत असेल, तर मी त्याला शब्द घोकायला लावत नाही. एवढंच विचारते, "हे तू आत्ता का बोलतोयस?" बहुतेकदा उत्तर येतं, "तसं लिहिलंय म्हणून."

मेख तिथंच आहे. शब्द लेखकानं दिलेत. ते तोंडून निघण्याची गरज मात्र नटालाच तयार करावी लागते. ती कशी शोधायची ते सांगते. प्रतिभा कुठून आणायची हे मी सांगू शकत नाही, पण भूमिका बसवणं हे पुष्कळसं चिकाटीचं काम आहे आणि ते शिकता येतं.

आधी नुसतं वाचा

संहिता हातात आली की लोक पहिलं काम करतात ते आपली वाक्यं पिवळ्या हायलायटरनं रंगवण्याचं. ते करू नका. पान रंगलं की डोळा पिवळ्यावरून पिवळ्यावर उड्या मारतो, आणि मधलं सगळं, म्हणजे तुम्हाला बोलायला भाग पाडणारं जे जे आहे ते, नजरेतून गळतं. संहिता एका बैठकीत, मनातल्या मनात, गोष्ट वाचावी तशी वाचा. तुम्ही या नाटकाचे प्रेक्षक असण्याची ही एकुलती एक वेळ आहे. कुठं हसू आलं, कुठं कंटाळा आला, कुठं पान उलटून मागं जावंसं वाटलं, ते लगेच लिहून ठेवा. पुढं तालमींच्या रगाड्यात हे आठवत नाही, आणि प्रेक्षकाला कुठं काय पोचायला हवं याचा तेवढाच खरा पुरावा तुमच्याकडे असतो.

दुसऱ्या वाचनाला वही घ्या. तीन रकाने पाडा : माझं पात्र स्वतःबद्दल काय म्हणतं, इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात, आणि ते प्रत्यक्षात काय करतं. तिन्ही रकाने जुळले तर पात्र साधं आहे, किंवा लेखन कमअस्सल आहे. बहुधा ते जुळत नाहीत. "मला कुणाची गरज नाही" असं चारदा म्हणणारा माणूस प्रत्येक प्रवेशात कुणाच्या ना कुणाच्या दारात उभा असतो. अशा वेळी तिसऱ्या रकान्यावर विश्वास ठेवा. पात्रं बोलताना खोटं बोलतात, आपण बोलतो तशीच.

या वहीत फक्त माहिती लिहायची, मत नाही. "दोन वर्षांत घरी आलेला नाही" ही माहिती. "त्याला घराची ओढ नाही" हे मत, आणि तेही घाईचं. रशियन दिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लावस्की ज्याला 'दिलेली परिस्थिती' म्हणायचा ती हीच : कोण, कुठं, केव्हा, याआधी काय घडलंय, आत्ता बाहेर काय चाललंय. संहितेत नसलेल्या गोष्टी कल्पनेनं भराव्या लागतात, हे खरं. पण आधी असलेल्या गोष्टी संपू द्या. पात्राचा आवडता रंग कोणता, त्याच्या आजीचं नाव काय, असल्या माहितीची वहीभर चरित्रं लिहून आणणारी मुलं मी बघते. ती मन लावून लिहिलेली असतात आणि रंगमंचावर त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. कल्पना करायचीच तर जिच्यामुळं पुढचं वाक्य बोलायला जोर येईल तेवढीच करा.

नऊ ओळी, जवळून

नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही. तालमीसाठी मी लिहिलेला एक तुकडा घेऊ. थोरली बहीण, धाकटा भाऊ. तो बऱ्याच काळानं घरी आलाय.

भाऊ : किल्ली कुठंय?
ताई : जिथं असते तिथं.
भाऊ : तिथं नाहीये.
ताई : नीट बघितलं नसशील.
भाऊ : बघितलं.
ताई : बस ना जरा. आत्ताच आलास.
भाऊ : मला निघायचंय, ताई.
ताई : हो, पण तसं नाही. कागद काही पळून जात नाहीत.
भाऊ : (थांबतो.) किल्ली दे.

पहिल्या वाचनात सगळे हा तुकडा चिडचिडीच्या एकाच सुरात वाचतात. भाऊ वैतागलेला, ताई दुखावलेली. मी म्हणते, पुन्हा वाचा आणि मला सांगा, कागदांचा विषय कुणी काढला?

भावानं काढलेला नाही. त्यानं फक्त किल्ली मागितली. कागद ताईच्या तोंडून निसटले. म्हणजे तो कशासाठी आलाय हे तिला तो दारात उभा राहिला तेव्हापासून माहीत आहे. म्हणजे "जिथं असते तिथं" हे खोटं आहे. म्हणजे किल्ली बहुधा तिच्याचकडे आहे. आता पहिल्या ओळीपासून सगळं बदललं. "नीट बघितलं नसशील" हा टोमणा राहिला नाही. ती खोली चाचपणाऱ्या माणसाला आणखी थोडा वेळ भलतीकडं पाठवण्याची धडपड झाली. आणि भावाच्या शेवटच्या ओळीत 'कुठंय' जाऊन 'दे' आलं. त्याला कळलंय. त्या कंसातल्या 'थांबतो'मध्ये कळलंय.

आता "हो, पण तसं नाही" कडे बघा. नट विसरतो ते नेमकं हेच वाक्य, कारण त्याला स्वतःचा असा अर्थच नाही. 'तसं' म्हणजे कसं? काहीच नाही. ताईकडं कारण उरलेलं नाही, ती हवेत हात मारतेय, आणि त्या घाईत पुढच्याच वाक्यात नको ते बोलून बसते. ताई करणाऱ्या मुलीला हे दिसलं की ते चार शब्द पुन्हा विसरत नाहीत. विसरतीलच कसे, आता तिला त्यांची गरज आहे.

हवंय काय, आणि कुणाकडून

प्रत्येक प्रवेशात तुमच्या पात्राला काहीतरी हवं असतं, हे नाट्यवर्गात पहिल्या आठवड्यात सांगतात. अर्धवट सांगतात. 'हवं' हे समोरच्या माणसाकडून हवं असलं पाहिजे, आणि मिळालं की नाही ते तुम्हाला त्याच्याकडं बघून कळलं पाहिजे. "ताईला प्रेम हवंय" यावर काहीही उभं राहत नाही. "त्यानं आजची रात्र इथं थांबावं" हे चालेल. तो खांद्यावरची पिशवी खाली ठेवतो का? खुर्चीकडं बघतो का? दाराकडं तोंड फिरवतो का? ताईची नटी आता त्या पिशवीवर डोळा ठेवून बोलायला लागते आणि तिला हातांचं काय करायचं हा प्रश्न पडत नाही.

मग 'कसं' ठरवायचं. इथं भावनेचं नाव घेऊच नका. दुःखी होणं, रागावलेलं असणं, हे करता येत नाही; केलं की ते चेहऱ्यावर थापल्यासारखं दिसतं. क्रियापद शोधा, आणि ते असं हवं की त्याच्याआधी 'त्याला' हा शब्द लावता येईल. त्याला गोंजारणं. त्याला दटावणं. लाजवणं, चाचपणं, थोपवणं, झुलवत ठेवणं, हुसकावणं, खिंडीत गाठणं, खजील करणं, चुचकारणं, डिवचणं. आपल्या भाषेत असल्या क्रियापदांचा खजिना आहे, उघडून बघा. "बस ना जरा. आत्ताच आलास" हे वाक्य चुचकारून म्हणा. मग हुकूम म्हणून. मग खजील करत, म्हणजे 'आत्ताच आलास आणि लगेच किल्ली?' असं आत धरून. तिन्ही वेळा आवाज, मान, खुर्चीपासूनचं अंतर आपोआप बदलेल. तुम्ही काहीच 'दाखवलेलं' नसेल.

हे क्रियापद समासात पेन्सिलीनं लिहा, शाईनं नाही. तालमीत ते बदलणार. आणि दर वाक्याला नवं क्रियापद शोधत बसू नका. पात्र एक डावपेच चालेनासा होईपर्यंत सोडत नाही. जिथं सोडतं तिथं आडवी रेघ मारा. वरच्या तुकड्यात माझ्या मते ताईची अशी रेघ एकच आहे, "बघितलं" आणि "बस ना जरा" यांच्या मधे. तिथवर ती त्याला चकवतेय, तिथून पुढं अडवतेय. कुणी रेघ दुसरीकडं मारली तर माझं भांडण नाही, पण ती कुठंतरी हवी.

भावनांचं काय, असं विचाराल. भरतानं नाट्यशास्त्रात रसाचं जे सूत्र सांगितलं ते विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाचं आहे. विभाव म्हणजे कारण, अनुभाव म्हणजे त्याला दिलेला दिसणारा प्रतिसाद, व्यभिचारी भाव म्हणजे मधेच येऊन जाणारे भाव. रस शेवटी, निष्पत्ती म्हणून येतो. नवशिका नट नेमका शेवटून सुरुवात करतो, सरळ करुण रसाला हात घालतो. कारण मांडा, त्याला दिलेला प्रतिसाद मांडा, बाकीचं होऊ द्या. अश्रू, कंप, घाम, रोमांच, आवाज चिरकणं, चेहऱ्याचा रंग उडणं, हे सगळं भरतानं आठ सात्त्विक भावांत घातलंय आणि सत्त्व एकाग्र झालेल्या मनातून येतं असं म्हटलंय. एकाग्र कशावर व्हायचं? माझं उत्तर : समोरच्याच्या पिशवीवर.

स्वतःच्या आयुष्यातली जखम आठवून रडण्याची पद्धतही आहे, आणि तिचं आकर्षण मुलांना फार. न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटर या नाटकमंडळीतली नटी स्टेला ॲडलर हिला ही पद्धत जाचत होती. 1934 साली ती पॅरिसमध्ये खुद्द स्तानिस्लावस्कीला भेटली, त्याच्याबरोबर काम केलं, आणि परत येऊन सांगितलं की त्याचा भर आता आठवणींवर नाही. परिस्थितीवर आणि कृतीवर आहे. त्यावरून तिथं जो वाद पेटला तो अजून पुरता विझलेला नाही. मी ॲडलरच्या बाजूची आहे. एक तर तुमच्या आठवणीत समोरचा नट नसतो, त्यामुळं तुम्ही त्याच्याशी खेळायचं सोडून स्वतःशी खेळायला लागता. दुसरं, पन्नासाव्या प्रयोगाला ती आठवण झिजलेली असते. आणि काही जखमांना हात लावायला नाटक ही जागाच नव्हे.

शब्दफेक

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येतं. आणि नटाचा श्वास संपतोही शेवटी. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते मागच्या रांगेत बसून ऐका : "नीट बघितलं नस..." आणि पुढं पुटपुट. सगळा संशय 'नसशील'मध्ये होता, तोच गेला. वाक्याची शेपटी खाणं हा आमच्याकडचा सगळ्यात जुना रोग आहे. उपाय कंटाळवाणा पण हमखास : तालमीत आठवडाभर प्रत्येक वाक्याचं शेवटचं अक्षर समोरच्याच्या हातात ठेवल्यासारखं बोला. शेवट चढवायचा नाही, पोचवायचा. नंतर अतिरेक आपोआप गळतो आणि पोचणं तेवढं उरतं.

क्रम जिथं उलटा असेल तिथं लेखकानं मुद्दाम केलेलं असतं. "किल्ली कुणी नेली?" हा प्रश्न आहे. "नेली कुणी किल्ली?" मध्ये आरोप आलाय. ते बोलताना नकळत सरळ करून टाकणारे नट असतात, आणि मी विंगेतून दात ओठ खात बसते. तसंच 'च', 'ना', 'की', 'तरी', 'बरं'. ही बारकी अक्षरं म्हणजे लेखकानं ठेवलेल्या अभिनयाच्या सूचनाच. "बस जरा" आणि "बस ना जरा" या दोन वेगळ्या बहिणी आहेत. जी 'ना' खाते तिनं ताईची विनवणी खाल्ली.

जोर वाक्यात एकाच शब्दावर द्यायचा. दोन शब्दांवर दिला तर ऐकणाऱ्याला दोन्ही कळत नाहीत. नवशिके विशेषणांवर आणि 'मी', 'तू'वर जोर देतात, कारण तिथं भावना असल्यासारखी वाटते. शब्द शोधायची सोपी युक्ती : समोरच्याला फोनवर नीट ऐकू येत नाहीये असं समजा आणि एकच शब्द पोचवायची मुभा आहे. कोणता पोचवाल?

श्वासाबद्दल थोडक्यात, पण लक्ष देऊन वाचा. बहुतेक नट समोरच्याचं वाक्य संपलं की श्वास घेतात, मग बोलतात. प्रवेश रटाळ होतो तो या बारीक बारीक फटींनी. बोलावंसं आपल्याला वाक्य संपल्यावर वाटत नाही. मधल्याच एखाद्या शब्दावर वाटतं. "मला निघायचंय, ताई" यातल्या 'निघायचंय'लाच ताईचा श्वास आत गेला पाहिजे. 'ताई' हा शब्द तिनं तो श्वास धरून ऐकायचा. म्हणून प्रत्येक क्यूमध्ये, म्हणजे तुमच्या आधीच्या समोरच्याच्या वाक्यात, तुम्हाला पेटवणारा शब्द कोणता, तो अधोरेखित करा. क्यूचा शेवटचा शब्द आणि पेटवणारा शब्द क्वचितच एक असतात.

आणि पॉज. टिंबं दिसली की थांबायचं, असं नाही. थांबण्यात काहीतरी घडत असेल तरच थांबा. भावाच्या 'थांबतो'मध्ये तो आठवतोय : मी कागद म्हटलं का? नाही म्हटलं. मग हिला कसं कळलं? तेवढा विचार खरोखर करायला जेवढा वेळ लागतो तेवढा पॉज. मनात आकडे मोजून घेतलेला पॉज प्रेक्षकाला लगेच ओळखू येतो.

पाठांतर

शब्दांना चाल लावून पाठ करू नका. घरी आरशासमोर एका सुरात वाक्य बसलं की ते त्याच सुरात येत राहतं, मग समोरचा नट कुजबुजो की किंचाळो. सपाट, कोरडं, हातानं काहीतरी काम करत पाठ करा. कपड्यांच्या घड्या घालत, जिना चढत. समोरच्याची वाक्यंही पाठ हवीत, निदान त्यांतला विचार तरी.

त्याआधी एक पायरी आहे आणि ती गाळू नये. प्रवेश वाचून झाला की संहिता मिटा आणि तोच प्रसंग आपल्या शब्दांत करून बघा. स्तानिस्लावस्कीनं शेवटच्या काळात टेबलाभोवतीच्या लांबलचक चर्चा कमी करून नटांना अशा कृतीवर लवकर उभं करायला सुरुवात केली होती. आपल्या शब्दांत केल्यावर पुस्तक उघडा आणि फरक बघा. तुमची ताई म्हणाली असेल, "अरे थांब, जेमतेम दोन मिनिटं झालीत तुला येऊन, कागद कुठं जातायत?" लेखनात तेच किती कमी शब्दांत आहे, आणि 'पळून' या शब्दात पळून जाणाऱ्या भावाला कसा चिमटा आहे, हे तेव्हा कळतं. मग मात्र अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही. स्वतःचे शब्द ही शिडी, मुक्काम नव्हे.

जर्मन नाटककार-दिग्दर्शक ब्रेख्त तालमीत नटांना आपली वाक्यं तृतीय पुरुषात आणि भूतकाळात, रंगसूचनांसकट बोलायला लावायचा. त्याचा हेतू वेगळा होता, नटानं पात्रापासून अंतर राखावं हा. मी ही युक्ती अडलेल्या जागा सोडवायला वापरते. "ताई म्हणाली, बस ना जरा. आणि असं म्हणताना ती दार आणि तो यांच्या मधे येऊन उभी राहिली." हे दुसरं वाक्य संहितेत नव्हतं. ते त्या मुलीच्या तोंडून आपसूक आलं, आणि हालचाल मिळाली.

बेअरिंग

बेअरिंग पकडणं आणि बेअरिंग सुटणं, तालमीच्या खोलीत दिवसभर हेच दोन शब्दप्रयोग चालतात. पात्राचं चालणं, बसणं, आवाजाची पट्टी, देहाचा भार, हे सगळं मिळून बेअरिंग. काही नटांना भूमिका आतून सापडते, काहींना चपलेतून. दोन्ही रस्ते बरोबर आहेत. म्हणून तालमीच्या पहिल्या दिवसापासून पात्राच्या जवळपास जाणारी पादत्राणं घाला. रंगीत तालमीला पहिल्यांदा टाचेचे बूट घालून आलेली नटी त्या दिवशी अभिनय करत नसते, तोल सांभाळत असते.

प्रॉपर्टीचंही, म्हणजे प्रयोगात वापरायच्या वस्तूंचंही, तेच. ताई करणाऱ्या मुलीला मी सांगते, खरी किल्ली, जड, लोखंडी, तुझ्या खिशात ठेव. प्रेक्षकाला ती दिसणार नाही. भाऊ कोपऱ्यातला खण उघडतो तेव्हा तिचा हात खिशाकडं जातो आणि ती तो मागं घेते. ही जागा कुणी सुचवून येत नाही. किल्लीच ती सुचवते.

शरीरासाठी दोन साधनं मला उपयोगी वाटतात. नृत्य आणि हालचालींचा अभ्यासक रुडॉल्फ लाबान यानं हालचालीकडं वजन, वेळ आणि अवकाश या अंगांनी बघितलं : हालचाल जड की हलकी, झटकन की सावकाश, थेट की वळणावळणानं. यांच्या जोड्या जुळवल्या की आठ मूळ हालचाली मिळतात, ठोसा मारण्यापासून तरंगण्यापर्यंत. तुम्ही स्वतः झटपट, थेट चालणारे असाल आणि पात्र सावकाश, वळणाचं असेल, तर आधी त्या चालीत खोलीभर फिरा, पेला उचला, खिडकी लावा, मगच वाक्य बोला. दुसरं साधन रशियन नट आणि अभिनयशिक्षक मायकेल चेखवचं : पात्राची मूळ इच्छा एका मोठ्या, सबंध अंगाच्या हावभावात बसवायची. ताईसाठी एकीनं पाय रोवून दोन्ही हात पसरले आणि ते सावकाश छातीशी मिटत आणले. तालमीत पाच-सहा वेळा तो जीव तोडून करायचा, मग उभं राहून नुसता आठवायचा. प्रयोगात तो दिसता कामा नये. खांद्यात, मानेत तो उरतो.

लकब एक पुरे. डोळे मिचकावणं, लंगडणं, घसा खाकरणं, तिन्ही एकदम करणारा नट पात्र लपवतो. लंगडत असाल तर कोणत्या पायाला, किती वर्षं, आणि तो लपवायला बघतो की नाही, हे ठरवा. वर्षानुवर्षं लंगडणारा माणूस लंगडण्याकडं लक्ष देत नाही. तो जिना टाळतो. म्हातारपणाचंही असंच आहे. कंबरेत वाकून थरथरणं म्हणजे म्हातारपण नव्हे. खुर्चीतून उठायच्या आधी उठण्याची तयारी करावी लागणं, ते म्हातारपण.

बेअरिंग सुटतं ते बोलताना नाही. दुसऱ्याचं मोठं वाक्य चालू असताना बाजूला उभ्या असलेल्या नटाकडं बघा : गुडघा सैल पडलाय, नजर रिकामी झालीय, पात्र खाली उतरलंय. 'कागद' हा शब्द पडला तेव्हा भाऊ करणारा मुलगा मनात आपलं पुढचं वाक्य जुळवत असेल, तर या तुकड्यात काहीच घडलं नाही. त्यानं तो शब्द दर वेळी पहिल्यांदा ऐकायला हवा. मी कधीकधी त्या तालमीत ताईला गुपचूप सांगते, आज 'कागद' म्हणूच नकोस, दुसरं काहीतरी म्हण. मुलगा ऐकत असेल तर दचकतो. नसेल तर पुढचं वाक्य बिनचूक म्हणून मोकळा होतो, आणि मग आमची बोलणी होतात.

दिग्दर्शक, कॅमेरा, टाळी

दिग्दर्शक घाईत असतो आणि परिणाम मागतो : "अजून राग हवा", "थोडं हलकं कर". वाद घालू नका, भाषांतर करा. राग कुणावर, आणि त्याच्याकडून काय व्हायला हवंय म्हणून? पणाला लागलेलं वाढवा. निघायला उशीर झाला तर भावाचं काय बुडतं ते आणखी मोठं करा, राग वाढलेला दिसेल. पात्र वाईट असेल तर त्याचं वकीलपत्र घ्या. तो खलनायक आहे हे प्रेक्षक ठरवेल. तुमच्या लेखी तो एक अन्याय झालेला माणूस आहे.

कॅमेऱ्यासमोर वरचं सगळं लागू आहे, फक्त आवाज आणि हालचाल आवरायची. खरी अडचण क्रमाची. शेवटचा प्रसंग पहिल्या दिवशी चित्रित होतो. म्हणून प्रत्येक प्रसंगासाठी एक चिठ्ठी ठेवा, तिच्यावर एकच गोष्ट लिहा : याच्या क्षणभर आधी मी कुठं होतो आणि काय करत होतो. टेक अनेक होतील, आणि संकलनात तुमच्या हातात कप कधी डावीकडं कधी उजवीकडं दिसू नये, म्हणून कोणत्या शब्दाला कप उचलला हेही.

रंगमंचावर धोका वेगळा. प्रयोग रुळला की कुठल्यातरी वाक्याला हशा किंवा टाळी येऊ लागते. मग नट ते वाक्य टाळीसाठी म्हणू लागतो. आधी सूक्ष्म थांबतो, मग मान प्रेक्षकांकडं कलते, मग आवाज अर्धी पट्टी चढतो, आणि एका संध्याकाळी टाळी येत नाही आणि तो ग्रीनरूममध्ये प्रेक्षकांना नावं ठेवतो. प्रेक्षकांचं काही चुकलेलं नसतं. ते वाक्य समोरच्या पात्राला उद्देशून होतं, आता त्याला ते मिळतच नाही. अशा वेळी पुढच्या प्रयोगाआधी दोघांना पाठीला पाठ लावून बसवावं आणि तो पानभराचा संवाद कुजबुजत म्हणायला लावावा, फक्त एकमेकांना ऐकू येईल इतक्या आवाजात. त्या प्रयोगाला टाळी येईल किंवा येणार नाही, पण समोरचा नट उत्तर द्यायच्या आधी क्षणभर त्याच्याकडं बघेल.